आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुंबईत कुठे जेवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका मुलीच्या आईवडिलांच्या लग्नाला येत्या २८ मे रोजी चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने त्यांना मुंबईतल्या एखाद्या फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यावे, असे तिच्या मनात आहे. जाणार चौघे: आईबाबा, ती आणि तिचा नवरा. आई शाकाहारी आहे आणि काट्याचमच्यांची तिला धास्ती वाटते. बाबा मासे आवडीने खातात, त्यांना मधुमेह असून इन्शुलिन चालू आहे, आणि त्यांचे बालपण लोअर परळच्या चाळीत गेले. खर्चाची मर्यादा वीस हजार रुपये आहे. जाण्यासारखी ठिकाणे कोणती आणि एवढे पैसे द्यावेत असे तिथे असते तरी काय, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर देण्याआधी मी कुठल्या बाजूने बोलतो आहे ते सांगतो. दादरच्या केटरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मी सव्वीस वर्षे डायनिंग हॉलमध्येच उभा आहे. आधी स्टुअर्ड, म्हणजे टेबलावर वाढणारा, मग स्टुअर्डांवर देखरेख करणारा कॅप्टन आणि आता मॅनेजर. शेफ मंडळी या प्रश्नाचे उत्तर ताटापासून सुरू करतील. मी खुर्चीपासून सुरू करतो, कारण चांगल्या रेस्टॉरंटमधली फसलेली संध्याकाळ मी पुष्कळ वेळा पाहिली आहे आणि तिचे कारण पदार्थ वाईट होता हे क्वचितच असते. बहुतेक वेळा माणसे चुकीच्या जागी आलेली असतात, किंवा त्यांच्याबद्दल जे आम्हाला आधी कळायला हवे होते ते कळलेले नसते.

तुमचे पैसे कशासाठी जातात, याचे उत्तरही तिथेच आहे. साध्या हॉटेलात एक वेटर आठ-दहा टेबले सांभाळतो. आमच्याकडे एका स्टुअर्डकडे तीन, फार तर चार टेबले असतात. पाहुणे यायच्या आधी रोज ब्रीफिंग होते आणि त्यात कोणत्या टेबलावर कोण येणार, कोणाला काय वर्ज्य आहे, आज काय संपले आहे, हे वाचून दाखवले जाते. चौघांचे चार वेगवेगळे पदार्थ एकाच क्षणी टेबलावर यावेत म्हणून स्वयंपाकघराच्या पासवर, म्हणजे जिथून ताटे बाहेर पडतात त्या ओट्यावर, एक माणूस फक्त वेळ जुळवत उभा असतो. आईचे ताट आले आणि बाबांचे वीस मिनिटांनी आले, असे घडू नये यासाठी लागणारी ही सगळी माणसे तुमच्या बिलात असतात. ताटातला मासा तोच असतो, जो भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकवर पहाटे विकला जातो.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. तुमच्या जागी मी असतो, तर लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारातल्या ‘द बॉम्बे कँटीन’मध्ये दुपारचे टेबल राखले असते. हे रेस्टॉरंट २०१५ मध्ये समीर सेठ, यश भणगे आणि मुंबईत जन्मून न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी सुरू केले. कार्डोझ मार्च २०२० मध्ये कोविडने गेले, पण त्यांनी घालून दिलेली दिशा टिकली आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले घरगुती पदार्थ घ्यायचे, हंगामातले जिन्नस वापरायचे आणि मांडणी आजची ठेवायची, असा तिथला बाज आहे. मेनू बदलत राहतो, म्हणून अमुकच मागवा असे सांगण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी मोलाची गोष्ट ही की तिथे एकेक पदार्थ निवडून मागवता येतो. आईला पाहिजे तेवढेच आणि ओळखीचे घेता येईल, बाबांना मासा मिळेल, सगळ्यांना सगळ्याची चव घेता येईल आणि बिल तुमच्या मर्यादेत राहील.

बाबांचे बालपण तिथल्याच परिसरात गेले, हेही माझ्या मनात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपानंतर त्या भागाचे काय झाले, हे त्यांना मी सांगायची गरज नाही. ज्या आवारात भोंग्यावर पाळी बदलायची तिथे आता काचेची कार्यालये आहेत आणि ‘कँटीन’ नावाच्या जागी टेबल राखून जावे लागते, यातला विनोद त्यांना कदाचित आपल्यापेक्षा जास्त कळेल. काही जणांना अशा जागी जायला आवडते, काहींच्या घशाखाली घास उतरत नाही. माझ्या माहितीत दोन्ही प्रकारची माणसे आहेत. म्हणून हे ठिकाण गुपित ठेवून ऐनवेळी उघड करण्यापेक्षा त्यांना आधी विचारावे, असे मला वाटते. ठाण्याहून स्लो लोकलने करी रोडला उतरून टॅक्सी केली तर गाडी लावण्याची कटकट वाचते. कामाच्या दिवशी त्या गल्ल्यांत गाडी घेऊन जाणे ही शिक्षाच आहे.

दुपारच्या वेळेचा आग्रह मी मधुमेहासाठी धरतो आहे आणि त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. मी कॅप्टन होतो तेव्हाची, एका मोठ्या हॉटेलातली ही गोष्ट आहे. सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ कुटुंबासह रात्री साडेनऊला आले. त्यांच्या मुलाने टेबल राखताना मधुमेहाचा उल्लेख केलेला होता आणि रजिस्टरमध्ये तो लिहिलेलाही होता, पण त्या दिवशी ब्रीफिंगमध्ये मी ती ओळ घाईने वाचून पुढे गेलो. ऑर्डर दिल्याबरोबर ते उठून वॉशरूममध्ये इन्शुलिन टोचून आले. नेमकी त्यांच्या आधीच बारा जणांच्या टेबलाची केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, आत गेलेली असल्यामुळे स्वयंपाकघर अडकले होते. चाळीस मिनिटे झाली तरी पहिला कोर्स बाहेर आला नाही. पाणी ओतायला गेलो तेव्हा ते पावाला लोणी लावत होते आणि सुरी पावावर टेकत नव्हती, बशीच्या कडेवर टकटक वाजत होती. कपाळ घामाने डबडबले होते. मी साखर घातलेला संत्र्याचा रस आणून दिला आणि दहा मिनिटांत ते सावरले. मुलाने मला एक शब्दही सुनावला नाही, तेच अधिक लागले. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक केओटीवर अशी सूचना सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहिली जाते. बाबांनी इन्शुलिन कधी घ्यायचे ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेले असेलच; पहिला पदार्थ किती मिनिटांत येईल हे मात्र कॅप्टनला विचारून मगच ते घ्यावे आणि टेबल राखताना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी. चांगल्या ठिकाणी तुम्ही बसताच काहीतरी खायला समोर येईल.

याच कारणामुळे टेस्टिंग मेनूची, म्हणजे स्वयंपाकघराने ठरवलेले छोटे छोटे कोर्स एकामागून एक देणारी रेस्टॉरंट मी या खेपेला सुचवत नाही, जरी मुंबईतले सर्वांत गाजलेले नाव त्याच प्रकारातले आहे. महालक्ष्मीला शक्ती मिल्स लेनमधल्या लक्ष्मी वूलन मिल्सच्या आवारात २०१६ पासून ‘मास्क’ चालते. अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी ते उभे केले. साधू २०२२ मध्ये बाहेर पडले आणि तेव्हापासून स्वयंपाकघर वरुण तोतलानी सांभाळतात. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांची जी यादी दरवर्षी निघते, तिच्यात २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षे भारतातले सर्वांत वरचे स्थान मास्कला मिळाले. २०२३ मध्ये ते सोळावे होते आणि २०२५ मध्ये एकोणिसावे. मेनू स्वयंपाकघर ठरवते, साधारण दहा कोर्स येतात, आणि हिमालयातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या दुर्लक्षित जिन्नसाभोवती अख्खा कोर्स रचलेला असतो. शाकाहारी मेनू वेगळा आणि तितकाच मन लावून केलेला असतो. मी स्वतः तिथे पाहुणा म्हणून गेलो तेव्हा धंद्यातला माणूस असूनही दोन पदार्थ कसे केले असतील हे मला उलगडले नव्हते.

पण अशा जेवणाला अडीच ते तीन तास लागतात. पुढे काय येणार ते ठाऊक नसते. घास लहान, वाट बघणे मोठे. ज्यांना त्या खेळाची गोडी आहे त्यांना तो वेळ कमी वाटतो. ज्यांना नाही, ते पाचव्या कोर्सला घड्याळ बघू लागतात आणि घरी जाऊन वरणभात लावतात, हे मी गमतीने म्हणत नाही. दोघांचे बिल पाच आकड्यांत जाते, त्यामुळे चौघांचे तुमच्या वीस हजारांत बसणे कठीणच आहे. तुम्ही दोघे नवराबायको स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला मात्र जरूर जा.

त्याच पंथातली आणखी दोन ठिकाणे तुमच्या कानावर येतील. फोर्टमधल्या किताब महालच्या इमारतीत शेफ नियती राव यांचे ‘एका’ आहे. तिथे कुठल्याही एका देशाच्या पाककृतीची चौकट न पाळता जिन्नसापासून सुरुवात केली जाते. वांद्र्यात, जुन्या ज्यूड बेकरीच्या जागेतल्या ‘वेरोनिकाज’च्या वर २०२४ पासून ‘पापाज’ नावाचे अवघ्या बारा खुर्च्यांचे रेस्टॉरंट आहे. बॉम्बे कँटीनचे शेफ हुसेन शहजाद तिथे पाहुण्यांच्या समोरच ताटे मांडतात. टेबल मिळणे महाकठीण. तिथला सूर तरुण, थट्टेखोर आणि धीट आहे. तिथल्या एका पदार्थातल्या लाल मुंग्यांचे नाव ऐकून तुमची आई तिथल्या तिथे हात जोडील, असा माझा होरा आहे.

आईचा विचार आधी करायचा असेल, आणि बाबांना रात्री जरा लवकर जेवणे चालणार असेल, तर दुसरा पर्याय सहारच्या आयटीसी मराठामधले ‘अवर्तना’ हा आहे. दक्षिण भारतीय चवी ठेवून मांडणी अगदी नव्या पद्धतीची करणारे हे रेस्टॉरंट मूळचे चेन्नईचे आहे. तिथल्या एका पदार्थाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण फाइन डायनिंग म्हणजे काय हे समजावताना मी नव्या मुलांना तोच दाखला देतो. टोमॅटोचे रसम इतके निथळून घेतलेले असते की ते पाण्यासारखे नितळ दिसते. स्टुअर्ड ते कॉफी गाळायच्या काचेच्या भांड्यात ताज्या पाल्यावर ओततो, क्षणभर मुरू देतो, दट्ट्या खाली दाबतो आणि उंच देठाच्या पेल्यात ओतून देतो. पेला ओठाला लागेपर्यंत माणसाला वाटते की हे काहीतरी विलायती प्रकरण आहे. घोट घेतला की मिरी, कोथिंबीर आणि आंबटपणा एकदम ओळखीचे निघतात आणि समोरच्या बाई हमखास म्हणतात, “अहो, हे तर आपलं सारच!” ओळखीची चव अनोळखी रूपात आणि तरीही फसवणूक नाही, हे साधणे फार अवघड असते. मात्र हाही कोर्सांचाच मेनू आहे आणि हॉटेलातले बिल आहे, तेव्हा मधुमेहाबद्दल आणि बजेटबद्दल वर म्हटले ते इथेही लागू आहे.

काट्याचमच्यांची धास्ती हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याच आयटीसी मराठामध्ये ‘पेशावरी’ आहे. तिथे काटेचमचे मुळात मांडलेच जात नाहीत; गळ्यात बांधायला चौकड्यांचे मोठे फडके देतात आणि मंत्री असो की उद्योगपती, सगळे हाताने जेवतात. रात्रभर तंदूरच्या मंद धगीवर शिजलेली काळ्या उडदाची डाळ आणि टेबल झाकून टाकील एवढी नान ही तिथली ओळख आहे. इतरत्रही हाताने जेवणाऱ्या पाहुण्याकडे कोणी वळून बघत नाही, आणि एखादा स्टुअर्ड बघत असेल तर तो दोष त्याच्या शिक्षणाचा आहे. आईला नियमच हवा असेल तर एवढा पुरे: बाहेरच्या बाजूचा काटा आधी, आतला नंतर, आणि खाऊन झाले की दोन्ही ताटात शेजारीशेजारी ठेवायचे. मध्येच थांबायचे असेल तर ते एकमेकांपासून दूर, तिरके ठेवावेत, म्हणजे आम्ही ताट उचलत नाही. साडी नेसून यायला कुठेच हरकत नसते. पुरुषांनी हाफ पँट आणि रबरी चपला टाळल्या की कपड्यांचा प्रश्नही संपला.

बाबांच्या माशाबद्दल दोन गोष्टी. पहिली तारखेची. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तुमची तारीख २८ मे आहे, म्हणजे अगदी काठावर. ‘शनिवार सोयीचा पडतो’ म्हणून कार्यक्रम पुढे ढकलून जूनमध्ये नेलात, तर पापलेट आणि सुरमई बहुधा बर्फातली मिळेल; चांगले शेफ त्या दिवसांत हे मासे मेनूवरून काढूनच टाकतात. पुढे नेण्यापेक्षा कार्यक्रम आठवडाभर अलीकडे घ्या. मेमध्ये हापूसही सापडेल, अर्थात बाबांसाठी फोडीपुरता. दुसरी गोष्ट म्हणजे, घरी जे उत्तम होते ते बाहेर मागवू नये. ज्या घरात सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तव्यावर रोज पडते, त्या घरातल्या माणसाला दीड हजार रुपयांची तळलेली सुरमई खिलवणे म्हणजे वाद ओढवून घेणे आहे. तो माणूस पहिल्याच घासाला घरच्या तव्याशी तुलना करणार आणि तवा जिंकणार. त्याला त्याच माशाचे दुसरे काहीतरी दाखवले पाहिजे. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘ओ पेद्रो’मध्ये गोव्याची आणि पोर्तुगालची सांगड आहे, ते बॉम्बे कँटीनच्याच मंडळींनी २०१७ मध्ये काढले आणि ठाण्याहून जायला लोअर परळपेक्षा सोपे पडते. मिरी-लसूण-लोण्यातला खेकडा खायचा असेल तर काळा घोड्याजवळचे ‘तृष्णा’ आहे. ती फाइन डायनिंगची जागा मी म्हणणार नाही, टेबले दाटीवाटीची आहेत, पण त्या खेकड्याची नक्कल शहरात इतक्यांनी केली आहे की मूळ एकदा खाऊन पाहायला हवे.

कुलाब्याचा मोह तुम्हाला होईल, म्हणून तिकडचेही सांगतो. अपोलो बंदरचे ताजमहाल पॅलेस १९०३ मध्ये उघडले आणि या शहरात ऐटीत जेवायला जाण्याची सवय बऱ्याच अंशी त्याच इमारतीने लावली. १९३३ पासूनचा हार्बर बार तिथलाच. ‘गोल्डन ड्रॅगन’ने १९७०च्या दशकात सेचुआन पद्धतीचे झणझणीत चिनी जेवण मुंबईच्या श्रीमंतांपुढे ठेवले. आज तुमच्या नाक्यावरचा गाडीवाला ज्याला शेजवान डोसा म्हणतो त्याचे पणजोबा त्या स्वयंपाकघरात सापडतात, असे आमच्या धंद्यातले जुने लोक मानतात. ‘वसाबी बाय मोरिमोतो’मध्ये जपानहून मासे येतात. कच्च्या माशाची सवय नसलेल्या कोकणी माणसाला तिथे नेऊ नये आणि ज्याला ती गोडी लागली आहे त्याला तिथून लवकर उठवू नये. ताजच्याच ‘झोडियाक ग्रिल’ची आठवण काढल्याशिवाय माझ्या पिढीचा माणूस पुढे जाऊ शकत नाही. तिथल्या कॅमेम्बेर चीजच्या फुललेल्या दारिओलसाठी, म्हणजे सुफ्लेसारख्या पदार्थासाठी, लोक कपडे शिवून घेत, असे आम्ही म्हणायचो. ते आता बंद झाले.

आईला समुद्र बघत निवांत बसायचे असेल आणि जेवणाचा थाट नको असेल, तर त्याच इमारतीतल्या ‘सी लाउंज’मध्ये दुपारचा चहा घ्या. मुंबईतल्या किती पारशी आणि गुजराती कुटुंबांनी तिथल्या खिडकीशी बसून स्थळे पाहिली आहेत, याची गणती नाही. चाळीस वर्षे झालेल्या जोडप्याने तिथे बसावे यात एक गंमत आहे.

ताजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, धनराज महालच्या समोर ‘द टेबल’ आहे. गौरी देवीदयाल आणि जय युसूफ यांनी ते २०११ मध्ये सुरू केले. हॉटेलच्या छताबाहेरही त्या तोडीचे जेवण आणि सेवा देता येते, हे दाखवणाऱ्या पहिल्या काही जागांत त्याची गणना होते. त्याही आधी राहुल आकेरकरांच्या ‘इंडिगो’ने १९९९ मध्ये कुलाब्यातल्याच एका जुन्या बंगल्यात ती वाट पाडली होती. टेबलवाल्यांची अलिबागला स्वतःची शेती आहे आणि तिथल्या भाज्या ताटात दिसतात. झुकिनीच्या लांब पट्ट्या शेवयांसारख्या कापून केलेला त्यांचा पदार्थ इतकी वर्षे मेनूवर टिकून आहे, हे मला एखाद्या पुरस्कारापेक्षा जास्त बोलके वाटते. मेनू युरोप-अमेरिकेच्या वळणाचा आहे, म्हणून तुमच्या आईबाबांसाठी तो माझा पहिला पर्याय नाही. नरीमन पॉइंटला ओबेरॉयमध्ये विनीत भाटिया यांचे ‘झिया’ आणि कफ परेडला प्रेसिडेंटमध्ये १९९३ पासूनचे ‘थाई पॅव्हिलियन’ हीदेखील जाण्यासारखी ठिकाणे आहेत.

‘मिशेलिनचे तारे कोणाला आहेत’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. उत्तम रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने आजवर मुंबईतल्या कोणत्याही रेस्टॉरंटला तारा दिलेला नाही. जाहिरातीत तो शब्द दिसला तर शेफने परदेशातल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये मिळवलेला किंवा तिथे काम करताना पाहिलेला तारा असतो. भाटियांनी मिळवलेले तारे खरे, पण तेही परदेशातल्या रेस्टॉरंटांना मिळालेले. यादीतला क्रमांक हा रेस्टॉरंटच्या महत्त्वाकांक्षेबद्दल सांगतो, तुमची आई तिथे मोकळेपणाने बसेल की नाही याबद्दल काहीच सांगत नाही.

आता बिलाचे. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो, म्हणजे जवळपास सगळ्या पंचतारांकित हॉटेलांत. पदार्थांची बेरीज १५,००० रुपये झाली, तर एका ठिकाणी ७५० रुपये कर पडेल आणि दुसऱ्या ठिकाणी २,७०० रुपये. बजेट ठरवताना हा फरक लोक विसरतात आणि बिल हातात आल्यावर चेहरा पडतो. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट असतो आणि तो वेगळा दाखवलेला असतो. सेवाशुल्क हे ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिलेल्या त्या अर्थाच्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. तुम्ही ते काढायला सांगू शकता आणि त्यासाठी ओशाळण्याचे कारण नाही. मी त्याच पैशांवर वाढलेला माणूस असूनही हे सांगतो, कारण टिप वाढणाऱ्याच्या हातात दिलेली बरी.

पाण्याबद्दलही सावध असा. “स्टिल की स्पार्कलिंग?” असा प्रश्न अशा सफाईने विचारला जातो की तिसरा पर्याय आहे हे माणूस विसरतो. चौघांच्या जेवणात तीन-चार बाटल्या सहज फुटतात. “साधं फिल्टरचं पाणी द्या” असे म्हणावे. आम्ही ते निमूटपणे आणतो.

शेवटी टेबल राखण्याचे. अॅपवर बोटे फिरवून टेबल मिळते, पण माहिती पोचत नाही. म्हणून टेबल राखल्यावरही दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, हॉल रिकामा असतो तेव्हा, फोन करून मॅनेजरशी बोला. आई शाकाहारी म्हणजे नेमके काय ते सांगा. अंडे चालते का, मांसाहाराच्या तेलात तळलेले चालते का, त्या दिवशी चतुर्थी किंवा गुरुवार येतो का. जैन पाहुण्यांमुळे मुंबईतली स्वयंपाकघरे कांदा-लसूणही वेगळे काढायला सरावलेली आहेत, पण ती तयारी सकाळी होते, तुम्ही खुर्चीत बसल्यावर नाही. बाबांच्या इन्शुलिनचे सांगा. एसीचा झोत आणि स्पीकर यांपासून दूरचे टेबल मागा, कारण सत्तरीच्या माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू आले नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे. केक बाहेरून आणणार असाल तर चालेल का आणि कापून देण्याचे पैसे पडतील का, हे विचारून घ्या. आणि टाळ्या वाजवत गाणे म्हणणारी स्टुअर्डांची फौज टेबलाभोवती आलेली बाबांना आवडणार नसेल, तर तेही त्याच फोनवर सांगून टाका. आम्हालाही ते गाणे म्हणायला फारसे आवडत नाही.